जिद्दीच्या कथेमागील व्यवस्था

अंधेरी-बोरिवलीच्या आणि घाटकोपर-मुलुंडच्या महाविद्यालयांत प्रेरणादायी व्याख्यान हा आता वार्षिक कार्यक्रमाचा नेहमीचा भाग झाला आहे. अशा व्याख्यानांत मुंबईच्या डबेवाल्यांची कथा हमखास येते. कधी डबेवाल्यांचा प्रतिनिधीच व्यासपीठावर असतो. रघुनाथ मेदगे यांच्यासारख्या त्यांच्या नेत्यांनी तर व्यवस्थापनशास्त्राच्या नामवंत संस्थांतही व्याख्याने दिली आहेत. पांढरी टोपी घातलेला, फारसे न शिकलेला माणूस पदवीधरांना वक्तशीरपणाचा धडा देतो, या दृश्याला टाळ्या पडाव्यात हे स्वाभाविकच आहे. प्रश्न एवढाच, की टाळ्या विरल्यावर विद्यार्थी काय घेऊन घरी जातात?

बहुधा दोन दावे घेऊन जातात. एक कोटी साठ लाख फेऱ्यांत एकच चूक होते, हा पहिला. आणि ‘फोर्ब्स’ नियतकालिकाने ‘सिक्स सिग्मा’ हे प्रमाणपत्र दिले, हा दुसरा. सिक्स सिग्मा म्हणजे दहा लाख संधींमागे ३.४ दोष. पहिला दावा त्याहून पन्नासपटीने सरस ठरतो. म्हणजे दोन्ही एकाच वेळी मोजमापाचे निष्कर्ष असणे कठीण. शिवाय १९९८ साली ‘फोर्ब्स’मध्ये लेख लिहिणारे सुब्रत चक्रवर्ती यांनी पुढे स्पष्टच केले, की असे प्रमाणपत्र दिलेले नव्हते आणि तो शब्दही त्यांनी वापरलेला नव्हता. सभागृहातील एखाद्या विद्यार्थ्याने हा हिशेब मांडला, तर तो पाहुण्यांचा अवमान समजू नये. शिक्षणाचा हेतू तोच आहे.

आकडे बाजूला ठेवले, तरी डबेवाल्यांची थोरवी उणावत नाही. उलट, खरी शिकवण तेथूनच सुरू होते. महादू हावजी बच्चे यांनी १८९० साली या व्यवसायाची घडी घातली; १९५६ साली त्याला नोंदणीकृत विश्वस्त संस्थेचे रूप मिळाले. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, मुळशी या तालुक्यांतून आलेल्या माणसांचा परस्परविश्वास हे त्याचे पहिले भांडवल. येथे काम करणारा पगारी नोकर नसतो, हिस्सेदार असतो. मुकादमाच्या हाताखालील टोळीची मिळकत खर्च वजा जाता वाटून घेतली जाते. सहकारी आजारी पडला तर त्याची लाइन दुसरा उचलतो. डब्यावरील रंगीत खुणा आणि अक्षरे स्थानकापासून मजल्यापर्यंतचा पत्ता सांगतात. आणि या सर्वांच्या बुडाशी आहे ती उपनगरी रेल्वे, तिचा मालडबा आणि तिचे स्वस्त भाडे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे लोकल थांबली. कचेऱ्या ओस पडल्या आणि डबे थांबले. डबेवाल्यांची जिद्द त्या महिन्यात आटली होती काय? मुळीच नाही. व्यवस्था थांबली, तेव्हा जिद्द एकटी काय करणार? अनेकांना गाव गाठावे लागले आणि कितीतरी जण परतलेच नाहीत. घरून काम करण्याची प्रथा रुळल्याने गिऱ्हाईकही आटले. व्याख्यानांत या अध्यायाला बहुधा जागा मिळत नाही. कारण इच्छाशक्तीपुढे सर्व अडथळे नमतात, या सिद्धान्तात तो बसत नाही.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. समोर बसलेल्या श्रोत्यांपैकी काही जण संध्याकाळी मोबाइल ॲपच्या हुकमानुसार दुचाकीवरून जेवण पोहोचवतात. कामही तेच, घाईही तीच. परंतु त्यांना मुकादम निवडता येत नाही, मिळकतीत हिस्सा नसतो आणि दर कसा ठरला हे विचारण्याची जागाही नसते. अशा मुलाला ‘अधिक कष्ट कर’ असे सांगणे म्हणजे त्याच्या कमी मिळकतीचा दोष त्याच्याच माथी मारणे होय. डबेवाल्यांच्या इतिहासात त्याच्यासाठी याहून उपयुक्त उपदेश आहे: एकत्र या, नियम स्वतः ठरवा आणि मिळकत वाटून घ्या.

महाविद्यालयांनी डबेवाल्यांना जरूर बोलवावे. मात्र भाषणाला अर्धा तास दिला, तर प्रश्नांना एक तास द्यावा. टोळीचा हिशेब कसा होतो, मुकादम कसा निवडला जातो, टाळेबंदीत घर कसे चालले, हे विद्यार्थ्यांनी विचारावे. त्या उत्तरांतून उत्साहाबरोबर थोडे अर्थशास्त्रही त्यांच्या पदरात पडेल.