'स्मोल्डर' या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ आणि उपयोजन

जळण्याच्या क्रियेसाठी इंग्रजीत अनेक क्रियापदे आहेत. 'बर्न' हे सर्वसामान्य, 'ब्लेझ' हे ज्वाला भडकण्याचे, 'स्कॉर्च' हे पृष्ठभाग करपण्याचे, तर 'चार' हे जळून कोळसा होण्याचे द्योतक आहे. याच कुळातील 'स्मोल्डर' या क्रियापदाचा अर्थ वर्गात बहुधा 'धुमसणे' असा एका शब्दात सांगितला जातो. हा पर्याय चुकीचा नाही. मात्र तो कोठे अपुरा पडतो, हे अध्यापकाने जाणून घेणे अगत्याचे आहे.

'स्मोल्डर' म्हणजे ज्वालेविना, संथपणे, आतून जळत राहणे. केवळ 'हळू जळणे' असा अर्थ सांगितल्यास मुख्य लक्षण निसटते. समईची वातही हळू जळते. परंतु तिला ज्योत असते, म्हणून तेथे हे क्रियापद चालत नाही. उदबत्ती, गोवरी, भुशाचा ढीग, कापसाची गादी यांचे जळणे हे त्याचे खरे क्षेत्र होय. ज्वाला ही पेटलेल्या वायूंची असते. ज्वालेविना जळताना हवेतील ऑक्सिजनचा घन पदार्थाच्या पृष्ठभागाशीच थेट संयोग होतो. तापमान तुलनेने कमी राहते, ज्वलन अपुरे होते आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड अधिक प्रमाणात निर्माण होतो. त्यामुळे या क्रियापदाला 'सौम्य आग' अशी छटा देणे दिशाभूल करणारे आहे. झारखंडमधील झरिया येथील कोळसा खाणींतील आगीची नोंद १९१६ साली झाली. ती आजही पूर्णतः विझलेली नाही.

शब्दाचा इतिहासही या दृष्टीने बोलका आहे. मध्ययुगीन इंग्रजीत या धातूचा संबंध प्रथम आगीशी नव्हे, तर धुराने गुदमरवण्याशी होता. सोळाव्या शतकात ज्वालेविना जळण्याचा अर्थ रूढ झाला. पुढे क्रियापद मागे पडले, केवळ 'स्मोल्डरिंग' हे रूप काव्यात टिकून राहिले. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या कोशात हे रूप नोंदवले, पण मूळ क्रियापद वापरात आहे किंवा नाही याविषयी शंका व्यक्त केली. एकोणिसाव्या शतकात ते पुनरुज्जीवित झाले. मराठी 'धुमसणे'च्या मुळाशीही धूरच आहे, हा योगायोग विद्यार्थ्यांना अवश्य दाखवावा.

आजच्या इंग्रजीत हे क्रियापद अकर्मक आहे. लाकूड 'स्मोल्डर' होते. कोणी लाकडाला 'स्मोल्डर' करीत नाही. मराठी माध्यमातून आलेले विद्यार्थी 'जाळणे'च्या धर्तीवर त्याला कर्म जोडतात, ते टाळावे. त्यात कालावधी अनुस्यूत असल्याने 'एकाएकी' या अर्थाचे क्रियाविशेषणही त्याच्याशी विसंगत ठरते. ब्रिटिश लेखनात 'ओ'नंतर 'यू' येतो, अमेरिकन लेखनात तो गळतो.

लाक्षणिक उपयोजनात खरी अडचण उद्भवते. दबलेला राग, असंतोष, जुना वाद यांसाठी 'धुमसणे' चपखल बसते. भावनेचे नाव सांगताना इंग्रजीत 'विथ' हे शब्दयोगी अव्यय येते. परंतु 'स्मोल्डरिंग आइज'सारख्या प्रयोगात राग असेलच असे नाही; पुष्कळदा संयमित प्रणयभावना सूचित होते. तेथे 'धुमसते डोळे' म्हटल्यास नायिका चिडली आहे असेच मराठी वाचक समजेल. संदर्भ पाहून 'आतली ओढ लपवू न शकणारी नजर' अशी फोड करणे श्रेयस्कर.

उलट दिशेच्या भाषांतरातही सावधगिरी हवी. जाळपोळ आणि गोळीबार चालू असलेल्या शहरालाही मराठी वृत्तपत्रे 'धुमसते शहर' म्हणतात. त्याचे इंग्रजीकरण 'स्मोल्डरिंग सिटी' असे केले, तर इंग्रजी वाचकाला आग ओसरून अवशेष धुरकटत असल्याचे चित्र दिसेल. चालू हिंसाचारासाठी इंग्रजीत 'बर्निंग' हाच शब्द योग्य ठरतो.