सुनौलीची सीमा पायी ओलांडताना

नेपाळच्या तराईत फील्डवर्कला जाणारे बरेच जण रेल्वेने गोरखपूरला उतरतात, तिथून बसने सुमारे 100 किलोमीटरवर सुनौली गाठतात आणि पुढे सरळ चालायला लागतात. कमान ओलांडली की बेलहिया, म्हणजे नेपाळ. सायकली, रिक्षा, बाजाराच्या पिशव्या घेतलेली माणसं, सगळ्यांची ये-जा चालूच असते. सशस्त्र सीमा बलाचा जवान कधी ओळखपत्र मागतो, कधी बॅग उघडायला लावतो. बाकी काही नाही.

याचं मूळ 31 जुलै 1950 च्या भारत-नेपाळ करारात आहे. त्याच्या 7व्या कलमात राहणं, व्यापार, फिरणं अशा बाबतींत एकमेकांच्या नागरिकांना सारख्या सवलती द्यायचं ठरलं. म्हणून आपल्याला व्हिसा नको. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र मात्र जवळ ठेवा.

पण ही सवलत फक्त या दोन देशांच्या नागरिकांना आहे, आणि घोळ होतो तो इथेच. समजा तुमच्या लॅबमधली केनियाची किंवा जर्मनीची मैत्रीण सोबत आहे. तिला आधी सुनौलीत भारतातून बाहेर पडल्याचा शिक्का घ्यावा लागतो, मग बेलहियाला नेपाळचा व्हिसा. पर्यटक व्हिसा 15 दिवसांचा 30 डॉलर, 30 दिवसांचा 50 डॉलर. भारताचं इमिग्रेशन कार्यालय बाजारातल्या गर्दीत सहज नजरेतून सुटतं, आणि गर्दीसोबत ती पुढे गेली तर तिला कोणी अडवेलच असं नाही. अडचण नंतर येते, कागद जुळत नाहीत तेव्हा. त्यातून तिचा भारतीय व्हिसा सिंगल एन्ट्री असेल तर शिक्का बसला की तो संपला. पलीकडे दोन तास राहिली काय नि दोन महिने काय, परत यायला नवा व्हिसा. पीएचडी अर्ध्यावर असताना हे परवडणारं नाही. तेव्हा तिकीट काढायच्या आधी तिच्या व्हिसावर 'मल्टिपल' लिहिलंय का बघा.

आपल्याला शिक्का नाही म्हणजे तारखेचा पुरावाही नाही. प्रवासखर्चाचं बिल लावताना अकाउंट्सवाले तो मागणारच (मागतातच!). बसची तिकिटं, हॉटेलची पावती जपून ठेवा.

नमुन्यांचं वेगळंच. माणूस व्हिसाशिवाय जातो, माती नाही जात. 2003 च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरनुसार भारतात माती आणायला परवाना लागतो. नेपाळच्या संरक्षित क्षेत्रात नमुने घ्यायचे तर तिथल्या राष्ट्रीय निकुंज विभागाची परवानगी आधीच काढायची. झिपलॉक पिशवीवर कोणाची नजर जाणार नाही हे खरं असेलही, पण पेपर लिहिताना नमुना कुठून, कोणत्या परवान्यावर आणला, हे तुम्हालाच लिहायचंय.

आणि घड्याळ! नेपाळ आपल्यापेक्षा 15 मिनिटं पुढे आहे. नेपाळी टॉवर पकडला की मोबाइलची वेळ आपोआप बदलू शकते, डेटा लॉगर मात्र भारतीय वेळेवरच चालत राहतो. नोंदवहीच्या पहिल्याच पानावर कोणती वेळ वापरताय ते लिहून टाका.