पिन हातात, मगच पाण्यात हात



थंडी पडली की वैरागला सकाळी गरम पाण्याशिवाय अंघोळ होत नाही. आपल्याकडं हीटर म्हणजे बादलीत सोडायचा रॉड. आम्हां न दिसणाऱ्या बायकांना घरचे म्हणतात, "तू हात लावू नको, आम्ही उठल्यावर लावून देतो." त्यात माया असते, पण वाट बघण्यात आमची सकाळ जाते. रॉड आम्हीही लावू शकतो. रीत मात्र पक्की हवी.

दिसणारी बाई बोर्डावरचा लाल दिवा बघून ठरवते की वीज चालू आहे का बंद. पण दिवाही फसवतो. लाइट गेली की तो विझतो, बटण मात्र चालूच राहतं, आणि वीज कधीही परत येते. वायरिंग उलटं जोडलेलं असेल तर बटण बंद करूनही रॉडपर्यंत करंट पोचतो. म्हणून बटणावर भरवसा ठेवायचा नाही. बोर्डातून काढलेली पिन आपल्या हातात आली, तरच रॉड बंद. ही खूण दिवसा-रात्री, दिसणाऱ्याला आणि न दिसणाऱ्याला सारखीच.

आता लावायची रीत. बादली बोर्डाजवळ, पण येण्याजाण्याच्या वाटेत नको. बादली जाड प्लास्टिकची घ्या. लोखंडी किंवा स्टीलच्या बादलीत रॉड खराब निघाला तर बादलीलाच करंट येतो. तोंडावर आडवी लाकडी पट्टी ठेवून रॉड तिला अडकवा, म्हणजे तो तळाला आणि कडेला टेकणार नाही. रॉडवर पाण्याच्या पातळीची खूण असते. तिथपर्यंत किती तांबे पाणी लागतं, हे एकदा कुणाकडून तरी बघून घ्या आणि रोज तेवढेच तांबे मोजून ओता.

आधी पाणी, मग रॉड, मग हात कोरडे पुसायचे, पायात रबरी चप्पल घालायची आणि सगळ्यांत शेवटी पिन लावायची. पिनेचं प्लास्टिकच धरा. जाड टोक वरच्या बाजूला येतं. १५०० वॅटचा रॉड साडेसहा अँपिअरच्या आसपास वीज ओढतो, म्हणून त्याला १६ अँपिअरचा मोठा सॉकेटच हवा. रॉडच्या बटणावर एक टिकली चिकटवा, म्हणजे बोटाला लगेच सापडतं.

मग मोबाइलवर गजर लावा. १५ लिटर गार पाणी अंघोळीपुरतं तापायला असा रॉड साधारण २० मिनिटं घेतो. तेवढा वेळ वाटेवर पाट आडवा ठेवा आणि घरात मोठ्यानं सांगा, "रॉड चालू आहे!" लहान लेकरं असतील तर तिथंच बसा. मध्येच पंखा थांबला, म्हणजे लाइट गेली. लगेच उठून पिन काढायची.

गजर झाला की बटण बंद, पिन बाहेर, आणि पिन हातात धरूनच पुढचं काम. रॉड मिनिटभर पाण्यातच निवू द्या, मग काढून ठरलेल्या खिळ्याला टांगा. दुसऱ्या बादलीत आधी गार पाणी घ्या, त्यात तांब्यानं गरम ओता, आणि हाताच्या मागच्या बाजूनं अंदाज घ्या.

घरच्यांना आमचं एवढंच सांगणं आहे. वस्तूंची जागा न सांगता बदलू नका. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवा. करंट गळू लागला की तो क्षणात वीज तोडतो. आयएसआय खुणेचाच रॉड आणा. वायर सोललेली आहे का, हे आठवड्यातून एकदा बघून द्या.

कुणाला करंट बसला तर त्या माणसाला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा, मग १०८ ला फोन करा. मेन स्विच कुठं आहे, हे घरातल्या प्रत्येकीला चाचपडून सापडलं पाहिजे. भाजलं तर टूथपेस्ट, तूप काही लावू नका. २० मिनिटं साधं गार पाणी सोडा आणि दवाखाना गाठा.

उद्या पहाटे घरातली न दिसणारी सून, सासू किंवा लेक रॉड लावायला उठली, तर तिचा हात धरून मागं ओढू नका. पहिले चार दिवस शेजारी उभ्या राहा आणि एकच विचारा, "पिन कुठं आहे?" ती म्हणाली, "माझ्या हातात," की निवांत राहा.