दुबई : खाडीपासून लाल टेकड्यांपर्यंत

संयुक्त अरब अमिरातींमधील दुबई हे शहर उंच इमारतींमुळे जगाला परिचित झाले असले, तरी त्याला आकार देणाऱ्या दोन गोष्टी, जमिनीत आत शिरलेले समुद्राचे पाणी आणि वाऱ्याबरोबर सरकणारी वाळू, या इमारतींच्या कितीतरी आधीपासून तेथे आहेत. प्रवाशाच्या हाती एकच दिवस असेल, तर तो सकाळी खाडीवर सुरू करावा आणि संध्याकाळी वाळवंटात संपवावा. हा क्रम उन्हाच्या दृष्टीने सोयीचा तर आहेच, शिवाय शहराच्या घडणीशीही तो जुळतो, कारण दुबईचा इतिहास हा बऱ्याच अंशी वाळू उपसण्याचा, वाळू रचण्याचा आणि जेथे तिच्यापुढे इलाज नाही तेथे तिच्या कलाने चालण्याचा इतिहास आहे.

अरबीत ‘खोर’ म्हटली जाणारी ही खाडी सुमारे 14 किलोमीटर आत जाऊन रास अल खोर या पाणथळ अभयारण्याशी पोहोचते. हिवाळ्यात तेथे रोहित पक्ष्यांचे थवे उतरलेले असतात आणि त्यांच्यामागे क्षितिजावर गगनचुंबी इमारतींची रांग दिसते. खाडीच्या पश्चिमेकडील वस्ती बर दुबई आणि पूर्वेकडील देरा. 1833 मध्ये बनी यास या टोळीसंघातील अल बू फलासा शाखेचे सुमारे 800 लोक अबू धाबी सोडून मक्तूम बिन बुत्ती आणि उबैद बिन सईद यांच्या नेतृत्वाखाली येथे आले आणि तेव्हापासून मक्तूम घराण्याची सत्ता सुरू झाली, ती आजही टिकून आहे. या वस्तीचा निर्वाह मासेमारीवर, खजुरावर आणि सर्वांत अधिक मोत्यांवर चाले. उन्हाळ्याच्या महिन्यांत पाणबुडे नाकाला शिंगाचा किंवा हाडाचा चिमटा लावून आणि पायाला दगड बांधून समुद्रतळाशी जात व शिंपले गोळा करीत. त्यांनी काढलेल्या मोत्यांची मोठी बाजारपेठ मुंबई होती. आखाती मोती तेथे पारखले जात, भोके पाडून ओवले जात आणि पुढे युरोपला रवाना होत. 1929 नंतरची जागतिक मंदी आणि जपानमधील संवर्धित मोती, म्हणजे शिंपल्यात मुद्दाम कण घालून तयार करवून घेतलेले मोती, या दोहोंच्या माऱ्यात हा धंदा बुडाला आणि त्यासोबत आखातातील अनेक कुटुंबे कर्जात बुडाली.

मुंबईशी असलेले हे नाते मोत्यांपुरते मर्यादित नव्हते. 1909 मध्ये दुबईत उघडलेल्या टपाल कार्यालयात भारतीय तिकिटे वापरली जात आणि बाजारातले चलनही भारतीय रुपया हेच होते. सोन्याच्या चोरट्या व्यापारामुळे भारताच्या परकीय गंगाजळीवर ताण येऊ लागला, तेव्हा 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेने केवळ भारताबाहेरील वापरासाठी वेगळ्या रंगाचा ‘आखाती रुपया’ काढला. 1966 च्या जूनमध्ये भारताने रुपयाचे अवमूल्यन केल्यावर दुबईने तो सोडला, काही वर्षे कतारसोबतचा सामाईक रियाल वापरला आणि 1973 पासून दिरहॅम स्वीकारला. बर दुबईच्या कापड बाजारात आजही हिंदी आणि गुजराती सहज कानावर पडते, यात म्हणूनच नवल नाही.

दुबईच्या नशिबाला कलाटणी देणारा निर्णय मात्र तेलाचा नव्हता, गाळाचा होता. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वाऱ्याने आणि भरती-ओहोटीने आणलेल्या वाळूमुळे खाडीचे मुख इतके उथळ झाले होते, की मोठ्या गलबतांना आत शिरण्यासाठी भरतीची वाट पाहावी लागे. तेव्हाचे शासक शेख रशीद बिन सईद अल मक्तूम यांनी कुवेतकडून कर्ज घेऊन 1959 मध्ये खाडीतील गाळ उपसण्याचे काम हाती घेतले. एका लहान संस्थानाच्या ऐपतीपलीकडचे वाटणारे हे कर्ज होते. उपसलेल्या वाळूने काठावरच्या सखल जागा भरून काढण्यात आल्या, म्हणजे एकाच कामातून बंदरही खुले झाले आणि नवी जमीनही मिळाली. दुबईच्या समुद्रात तेल सापडले ते 1966 मध्ये. तेलाच्या पैशावर उभे राहिलेले शहर, ही दुबईची प्रचलित ओळख या तारखांपुढे अपुरी ठरते. तेलाने वेग दिला हे खरे, पण दिशा त्याआधीच ठरलेली होती.

ही खाडी पाहण्याचा सर्वांत चांगला मार्ग अब्रा हाच आहे. अब्रा म्हणजे दोन्ही काठांदरम्यान ये-जा करणारी लाकडी तर. तिच्या मधोमध लांबीच्या दिशेने पाठीला पाठ लावलेली बाके असतात, त्यामुळे प्रत्येक उतारूचे तोंड पाण्याकडे असते, आणि बाकांच्या मध्ये एका खळग्यात बसून नावाडी इंजिन व सुकाणू सांभाळतो. नेहमीच्या लाकडी अब्राचे भाडे वर्षानुवर्षे एक दिरहॅम राहिले असून, कामावर निघालेले मजूर, दुकानदार आणि पर्यटक एकाच बाकावर खांद्याला खांदा लावून बसतात. देराच्या धक्क्यावर इराणकडे आणि पूर्व आफ्रिकेकडे जाणाऱ्या लाकडी गलबतांवर शीतकपाटे, टायर आणि खोकी चढवली जात असतात. हा धक्का देखाव्यासाठी राखलेला नाही, तो अजूनही पोट भरतो. तेथून मसाल्यांचा आणि सोन्याचा बाजार काही पावलांवर आहे.

बर दुबईच्या बाजूला सुमारे 1787 मध्ये बांधलेला अल फहिदी किल्ला आणि त्यालगतची जुनी वस्ती आहे. इराणच्या किनाऱ्यावर जकातीचा बोजा वाढला आणि दुबईने व्यापाऱ्यांना जकातमाफी दिली, तेव्हा बस्तक परिसरातील व्यापारी येथे येऊन स्थायिक झाले. त्यांच्या मूळ गावावरून वस्तीला बस्तकिया म्हणत. त्यांच्या घरांचे वैशिष्ट्य म्हणजे ‘बारजील’, अर्थात वायुमनोरा. छपरावर उभारलेला हा चौकोनी मनोरा चारही बाजूंनी उघडा असतो आणि आतील पोकळी कर्णरेषांवर बांधलेल्या, एकमेकांना छेदणाऱ्या दोन पडद्यांनी चार त्रिकोणी कप्प्यांत विभागलेली असते. वारा ज्या दिशेने येईल त्या बाजूचा कप्पा त्याला पकडून खालच्या खोलीत सोडतो, तर विरुद्ध बाजूच्या कप्प्यातून खोलीतली तापलेली हवा वर निघून जाते. भिंती समुद्रातून काढलेल्या प्रवाळदगडाच्या असून त्या सच्छिद्र असल्याने उष्णता सावकाश आत घेतात. विजेचा पंखाही नसलेल्या काळात पन्नास अंशांच्या जवळ जाणाऱ्या उन्हाळ्यात माणसे येथे कशी राहिली असतील, या प्रश्नाचे उत्तर त्या मनोऱ्याखाली मिनिटभर उभे राहिल्यावर मिळते. 1980 च्या दशकात या वस्तीचा मोठा भाग पाडण्यात आला; उरलेला भाग वाचला, हे शहराचे भाग्य.

खाडीच्या मुखाशी शिंदगा नावाच्या जुन्या भागात सारूक अल हदीदचे संग्रहालय आहे. वाळवंटात जाण्यापूर्वी ते पाहणे अगत्याचे आहे. 2002 मध्ये दुबईचे आजचे शासक शेख मोहम्मद बिन रशीद हे हेलिकॉप्टरमधून जात असताना त्यांना दक्षिणेकडील टेकड्यांमध्ये जमिनीचा काळसर रंग वेगळा जाणवला. तो रंग धातू वितळवल्यावर उरणाऱ्या मळीचा होता. उत्खननात लोहयुगीन धातुकामाचे मोठे केंद्र उजेडात आले. तांब्याची आणि लोखंडाची शस्त्रे, नागाच्या आकृत्या आणि बारीक कलाकुसरीचे सोन्याचे दागिने तेथे मिळाले. त्यांपैकी एका अंगठीवरून दुबईच्या ‘एक्स्पो 2020’ या जागतिक प्रदर्शनाचे बोधचिन्ह घेण्यात आले. आज ज्या जागेच्या आसपास ना खनिज आहे ना पाणी, तेथे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी भट्ट्या पेटत होत्या, हे कळल्यावर वाळवंटाला ओसाड म्हणण्याची घाई कोणी करणार नाही.

दुपारच्या उन्हात नव्या शहराकडे वळावे. 2010 मध्ये खुला झालेला 828 मीटर उंचीचा बुर्ज खलिफा, त्याच्या पायथ्याचा मॉल आणि कारंजी यांविषयी इतके लिहिले गेले आहे, की दोन गोष्टी नोंदवणे पुरेसे व्हावे. पहिली अशी, की वरच्या मजल्यांवर सूर्य उशिरा मावळताना दिसत असल्याने, रमजानमध्ये 80 व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी रोजा दोन मिनिटे आणि 150 व्या मजल्याच्या वर असणाऱ्यांनी तीन मिनिटे उशिरा सोडावा, असा निर्णय तेथील धर्मशास्त्र्यांनी दिला. दुसरी गोष्ट पाम जुमेरा या ताडाच्या झाडाच्या आकाराच्या कृत्रिम बेटाची. चहूकडे वाळवंट असूनही या बेटासाठी वाळू समुद्रतळातून उपसावी लागली, कारण वाऱ्याने घासून गोल आणि एकसारखे झालेले वाळवंटातले कण पाण्याखाली एकमेकांत घट्ट बसत नाहीत. खाडीच्या गाळापासून सुरू झालेले उपसण्याचे कसब येथे शिगेला पोहोचले.

तिसऱ्या प्रहरी हत्ताकडे जाणारा रस्ता धरला, की तासाभराच्या आत लेहबाबच्या परिसरातील लाल टेकड्या लागतात. किनाऱ्याजवळची वाळू शिंपल्यांच्या चुऱ्यामुळे फिकट असते, तर आतल्या भागातील क्वार्ट्झच्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा पातळ लेप चढल्यामुळे ती तांबूस होते आणि मावळतीच्या तिरप्या उन्हात हा रंग अधिकच गडद दिसतो. वाऱ्याने रचलेल्या या टेकड्यांना भूगोलात वालुकागिरी म्हणतात आणि चंद्रकोरीच्या आकाराच्या वालुकागिरीला बारखाण. वारा ज्या बाजूने येतो तो उतार मंद आणि दाबून बसलेला असतो; माथ्यापलीकडची, वाऱ्याच्या आडोशाची बाजू मात्र भुसभुशीत असून तिचा उतार 30 ते 34 अंशांचा असतो, कारण कोरडी वाळू यापेक्षा अधिक चढ धरूच शकत नाही आणि घसरते. टेकडीवर गाडी चालवण्याचे सारे शास्त्र या दोन उतारांतील फरकावर उभे आहे.

डांबरी रस्ता सोडण्यापूर्वी चालक गाडी थांबवतो, चाकाशी उकिडवा बसतो आणि व्हॉल्व्ह दाबून हवा सोडू लागतो. मधूनमधून मापक लावून आकडा पाहतो. रस्त्यावर सुमारे 35 पौंड असलेली हवा वाळूसाठी 12 ते 15 पौंडांवर आणली जाते. टायर खाली पसरतो, त्याच्या बाजूच्या भिंती किंचित फुगतात आणि जमिनीला टेकणारा पट्टा लांब होतो, त्यामुळे गाडीचे वजन अधिक जागेवर वाटले जाऊन चाक रुतत नाही. चारही चाकांना जोर मिळेल अशी व्यवस्था करून गाडी टेकडीला सरळ भिडवायची असते, कारण उतारावर ती आडवी झाली तर कलंडण्याचा धोका असतो. वेग चढण्याआधीच घ्यायचा आणि माथ्यावर नेमका तो सोडायचा, हे सर्वांत कठीण कसब. वेग कमी पडला तर गाडी माथ्यावर पोटावर टेकते, जास्त झाला तर पलीकडे काय आहे हे दिसण्यापूर्वीच चाके हवेत जातात. तीव्र उतारावर ब्रेक दाबून धरणेही घातक, तेथे हलक्या गिअरमध्ये गाडी सरळ खाली येऊ द्यावी लागते. चाक रुतल्यावर नवखा चालक अॅक्सिलरेटर दाबत राहतो आणि खड्डा खोल करतो. जाणकार थांबतो, फावड्याने चाकापुढची वाळू काढतो, हवा आणखी थोडी कमी करतो आणि आल्या वाटेने मागे येतो. एकट्या गाडीने आत जाऊ नये, हा नियम यासाठीच आहे. टेकड्यांपेक्षाही फसवी जागा म्हणजे सबखा, अर्थात मिठाचा पापुद्रा धरलेली सपाट जमीन: वरून ती टणक मैदान वाटते, पण पापुद्रा फुटला की खालच्या ओल्या चिखलात गाडी बसते.

वेगाच्या या खेळात नजरेतून निसटण्याजोगी, पण थांबून पाहण्याची वस्तू म्हणजे घाफ वृक्ष. महाराष्ट्रात दसऱ्याला जिची पूजा होते ती शमी आणि हा घाफ एकाच जातीचे आहेत. मुळे कित्येक मीटर खोल नेऊन तो भूजल शोधतो, त्याचा पाला उंट खातात, त्याच्या सावलीत टोळ्यांच्या बैठका होत आणि 2008 मध्ये देशाने त्याला राष्ट्रीय वृक्षाचा मान दिला. वाळूला जागेवर धरून ठेवणाऱ्या अशा झाडांची आणि गवताची मुळे चाकांखाली तुटतात, म्हणून खुल्या टेकड्यांवरील बेछूट भटकंती ही निरुपद्रवी मौज मानता येत नाही.

याचे भान ठेवून दुबईने 225 चौरस किलोमीटरचे वाळवंट राखीव ठेवले आहे. तेथे परवानाधारक संस्थांच्या गाड्या ठरलेल्या वाटांनीच फिरतात. या क्षेत्रात पांढऱ्या अंगाचा आणि लांब सरळ शिंगांचा अरबी ओरिक्स कळपाने दिसतो. 1972 मध्ये जंगलातून हा प्राणी पूर्णपणे नाहीसा झाला होता. प्राणिसंग्रहालयांत उरलेल्या थोड्या प्राण्यांपासून पैदास करून आणि ओमानमध्ये 1982 पासून त्यांना पुन्हा मोकळे सोडून त्याला परत आणण्यात आले आणि 2011 मध्ये त्याचा धोक्याचा दर्जा कमी करण्यात आला. उंटांची स्थिती मात्र चिंतेची आहे. शहरातून उडत येणाऱ्या आणि सहलींच्या तळांवर टाकल्या जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या ते खातात, पोटात त्यांचा घट्ट गोळा होतो आणि जनावर उपाशी मरते. दुबईतील पशुवैद्यक संशोधकांनी मेलेल्या शेकडो उंटांच्या पोटांतून असे गोळे काढून 2021 मध्ये त्याविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला आहे.

संध्याकाळच्या तंबूतील पाहुणचारात वेलदोडा घातलेला फिका अरबी कहवा आणि खजूर तेवढे खरे स्थानिक. तेथील कंबरनृत्य इजिप्तकडून आलेले आहे. नोव्हेंबर ते मार्च हा या दिवसासाठी योग्य काळ. उन्हाळ्यात दुपारची वाळू तापून अधिक सैल होते आणि गाडीला व माणसाला दोघांनाही ती पेलत नाही. डांबरी रस्त्यावर परत आल्यावर टायरमध्ये पुन्हा पूर्ण हवा भरल्याशिवाय शहराकडे निघता येत नाही, कारण कमी हवेचे टायर वेगात तापून फुटतात; त्यासाठी या रस्त्यालगत हवा भरून देणारी दुकाने रात्री उशिरापर्यंत उघडी असतात.