वीज गेली तरी न विसरणारी मेमरी : फर्मवेअर बदलण्यापूर्वी

चांदवडच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव आटोपला की व्यापारी दुकानी येऊन दिवसाचा हिशेब संगणकावर चढवतो. तेवढ्यात वीज गेली, तर जतन न केलेले आकडे पुसले जातात. संगणकाची नेहमीची मेमरी विजेवर जगते, वीज गेली की ती रिकामी होते. डिस्कवर लिहिलेले टिकते, पण डिस्क मेमरीच्या मानाने मंद असते.

हे दोन्ही गुण एकत्र आणण्यासाठी इंटेल कंपनीने २०१९ साली ‘ऑप्टेन पर्सिस्टंट मेमरी’ बाजारात आणली. तिची पट्टी साध्या मेमरीच्याच खाचेत बसते. ती १२८, २५६ व ५१२ गिगाबाइट अशा मापांत निघाली. ‘ॲप डायरेक्ट’ पद्धतीने लावली तर वीज गेल्यावरही तिच्यातील माहिती राहते. ‘मेमरी मोड’ पद्धतीत मात्र ती साध्या मेमरीसारखीच वागते.

साध्या दुकानाला या मेमरीची गरज नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. ती ठरावीक झिऑन प्रोसेसरच्या सर्व्हरवरच चालते आणि सोबत साधी मेमरीही लागते. मग हा विषय येथे कशाला? इंटेलने जुलै २०२२ मध्ये हा धंदा गुंडाळत असल्याचे जाहीर केले. मोठ्या कंपन्या जुने सर्व्हर काढतात तेव्हा हा माल जुन्या बाजारात येतो. संगणक दुरुस्ती आणि जुन्या मालाच्या धंद्यात असलेल्या आपल्या बांधवांच्या हाती तो कधीही पडू शकतो.

प्रत्येक पट्टीत तिचा कारभार पाहणारा एक छोटा प्रोग्रॅम असतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. त्यातील दोष निघाले की उत्पादक सुधारित आवृत्ती देतो. ती चढवण्यासाठी ‘आयपीएमसीटीएल’ हे साधन आहे. काळ्या पडद्यावर आज्ञा टंकून ते चालवायचे असते. आज्ञा इंग्रजी अक्षरांतच टंकाव्या लागतात. येथे उच्चार दिले आहेत. लिनक्सवर ‘रूट’ म्हणजे मुख्य अधिकार घेऊनच काम करावे.

पहिली पायरी : सर्व माहितीची प्रत दुसरीकडे काढून ठेवा. फर्मवेअर बदलल्याने माहिती पुसली जात नाही, पण गिऱ्हाइकाची माहिती ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे. प्रत काढल्याशिवाय हात लावू नये.

दुसरी : ‘आयपीएमसीटीएल शो डॅश-फर्मवेअर’ ही आज्ञा द्या. प्रत्येक पट्टीवर चालू असलेली आवृत्ती दिसेल. ती कागदावर उतरवून घ्या.

तिसरी : सर्व्हरच्या उत्पादकाने त्याच मॉडेलसाठी दिलेली फाइल मिळवा. दुसऱ्या मॉडेलची फाइल ‘चालून जाईल’ असे समजू नका. ‘लोड’ आज्ञेला ‘डॅश-एक्झॅमिन’ जोडले, तर फाइल चढत नाही, फक्त जुळते की नाही ते कळते.

चौथी : यूपीएस जोडलेला असताना ‘आयपीएमसीटीएल लोड डॅश-सोर्स’, पुढे फाइलचे नाव आणि शेवटी ‘डॅश-डिम’ अशी आज्ञा द्या. मध्येच यंत्र बंद करू नका.

पाचवी : येथेच पुष्कळ जण फसतात. ‘यशस्वी’ असा संदेश आला म्हणजे काम संपले असे नव्हे. नवी आवृत्ती चढून फक्त वाट पाहत असते. चालू कामे नीट बंद करून सर्व्हर पुन्हा सुरू केल्यावरच ती लागू होते. त्यानंतर दुसऱ्या पायरीची आज्ञा पुन्हा देऊन कागदावरच्या नोंदीशी ताडून पाहा. सर्व पट्ट्यांवर एकच आवृत्ती दिसली तरच गिऱ्हाइकाला ‘काम झाले’ म्हणा.

जुना माल घेणाऱ्यांनी पैसे मोजण्यापूर्वी आणखी दोन आज्ञा द्याव्यात. ‘शो डॅश-डिम’ने पट्टीची प्रकृती आणि कुलूप दिसते. आधीच्या मालकाने परवलीचा शब्द लावून कुलूप घातले असेल, तर माल अडकलाच समजा. ‘शो डॅश-सेन्सर’ने पट्टीचे किती टक्के आयुष्य शिल्लक आहे ते कळते. पट्टी कोणत्या पिढीच्या प्रोसेसरसाठी आहे, हेही विचारावे. एका पिढीची पट्टी दुसऱ्या पिढीच्या सर्व्हरला चालेलच असे नाही.

विकणारा या आज्ञा आपल्यासमोर चालवून दाखवत नसेल, तर भाव कितीही उतरलेला असो, सौदा सोडून द्यावा. बंद पडलेल्या मालाला बदली पट्टी मिळवणे कठीण, आणि गुंतलेले भांडवल मात्र आपले असते.