कर्दळीचे विषाणुरोग

कर्दळ आपल्याकडे इतकी रुळली आहे की, तिचे मूळ अमेरिकेच्या उष्ण प्रदेशात आहे हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. बंगळूरुचे हवामान तर तिला विशेष मानवते. हैदर अलीने 1760 मध्ये लालबागेचा आरंभ केला, तेव्हापासून उद्यानांसाठी प्रसिद्धी पावलेले हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर आहे. तेथील हिवाळा सौम्य असल्यामुळे कर्दळ बारा महिने हिरवी राहते. परंतु जे हवामान झाडाला मानवते तेच त्याच्या रोगांनाही मानवते. विषाणूला आश्रय आणि मावा किडीला अन्न वर्षभर मिळत राहते.

रोगाची पहिली खूण पानावर दिसते. शिरांच्या दिशेने फिकट पिवळे पट्टे उमटतात, पुढे ते भाग तपकिरी होऊन वाळतात. फुले लहान येतात, त्यांच्या रंगात डाग पडतात आणि झाड खुरटते. लोहाच्या अभावीही कोवळी पाने पिवळी पडतात. मात्र तो पिवळेपणा शिरांमध्ये सारखा पसरलेला असतो. ‘बंगाल टायगर’सारख्या वाणांच्या पानांवर मुळातच पिवळ्या रेषा असतात, पण त्या नियमित असतात. विषाणूचे पट्टे तुटक व अनियमित असतात.

कर्दळीवर अनेक विषाणू आढळतात. पिवळ्या चट्ट्यांच्या विषाणूचे वर्णन जपानमध्ये 1979 साली झाले. पिवळ्या पट्ट्यांचा दुसरा एक विषाणू 2007 मध्ये ब्रिटनमधून नोंदला गेला. यांखेरीज घेवड्यावरील पिवळा मोझेक व काकडीवरील मोझेक हे विषाणूही कर्दळीवर येतात. या दोन्ही मोझेकांचा प्रसार मावा करतो. घेवड्यावरील मोझेक ग्लॅडिओलसलाही होतो. बंगळूरुच्या परिसरात ग्लॅडिओलसची लागवड होते, म्हणून ही दोन्ही फुलझाडे शेजारी लावणे हिताचे नसते.

तथापि, रोपवाटिकेतील रोगप्रसाराचे सर्वांत मोठे साधन म्हणजे स्वतः रोपवाटिकाधारकाचा हात होय. बियांपासून वाढविलेले झाड मूळ वाणासारखे निघेलच असे नाही. म्हणून गड्ड्याचे तुकडे करूनच लागवड केली जाते. गड्ड्यात विषाणू असेल तर प्रत्येक तुकड्यातून तो नव्या रोपात उतरतो. कोवळ्या रोपावर पुष्कळदा लक्षणे दिसत नाहीत. विक्रेता आणि ग्राहक दोघेही ते निरोगी समजतात. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात युरोपातील कर्दळ उत्पादकांना याच कारणाने मोठा फटका बसला.

विषाणूने ग्रासलेले झाड बरे करणारे औषध नाही. कीटकनाशकाचाही उपयोग मर्यादित असतो, कारण मोझेकाचा विषाणू वाहणारा मावा पानाला क्षणभर सोंड टोचूनही रोग पसरवितो आणि औषधाने तो मरेपर्यंत काम झालेले असते. संशयित झाड गड्ड्यासह उपटून जाळावे. नवीन गड्डे काही काळ वेगळ्या वाफ्यात ठेवून पाहावेत, आणि सुरी प्रत्येक गड्ड्यानंतर जंतुनाशक द्रावणात बुडवावी. मातृवृक्षांची प्रयोगशाळेत तपासणी करून घेणे हा अधिक खात्रीचा मार्ग आहे. वर्षानुवर्षे जोपासलेला वाण स्वतःच्या हाताने जाळणे जड जाते. परंतु असा एक गड्डा राखून ठेवला तर त्याच्याबरोबर रोगही शेकडो बागांत पोहोचतो.