कशाचा तिसरा हिस्सा?

दस्तुरी नाक्यापुढे मोटारीला मज्जाव असल्यामुळे माथेरानचा बराचसा माल घोड्यांच्या पाठीवरून वर चढतो. आणि पावसाळ्यात प्रवासी विरळ झाले म्हणजे, ज्याची खरेदी आधी आटोपलेली व वसुली पुढे लांबलेली असते, अशा तिथल्या व्यावसायिकाला क्रेडिट कार्डाच्या हिशेबातले अपूर्णांक उमगणे अगत्याचे ठरते.

समजा, एखाद्या खाणावळवाल्याने ६०,००० रुपयांच्या मर्यादेपैकी दोन पंचमांश रक्कम खर्च केली आणि पुढे देण्याचा एक तृतीयांश भाग फेडला. व्याज तूर्त बाजूस ठेवले, तर मर्यादेचा कितवा हिस्सा आता मोकळा आहे? येथे विद्यार्थी घसरतो तो गुणाकारात नव्हे, तर मर्यादेचाच तृतीयांश, म्हणजे २०,००० रुपये, वजा करण्यात. देणे मुळी २४,००० रुपयांचे. त्याचा तृतीयांश ८,०००, बाकी १६,०००, आणि मोकळी रक्कम ४४,०००.

पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी मुखोद्गत करवणाऱ्या जुन्या शाळांनी अपूर्णांकाला जिभेवर वसवले, ही थोर कामगिरी होय; परंतु हिस्सा कोणत्या रकमेचा, हा निवाडा पाढा करीत नाही, तो उदाहरणाच्या वाक्यातूनच काढावा लागतो. तो झाला की रुपयांवाचूनही उत्तर मिळते: तृतीयांश फेडले म्हणजे दोन तृतीयांश उरले, आणि दोन पंचमांशाचे दोन तृतीयांश म्हणजे मर्यादेचे चार पंधरांश देणे, अर्थात अकरा पंधरांश मोकळे. उलट, अकरा पंधरांश म्हणजे ४४,००० एवढेच ठाऊक असेल, तर एक पंधरांश ४,००० आणि मर्यादा ६०,०००.